भाचीचा हात

लाखांदूरच्या दवाखान्यात मी नोकरीची शेवटची वर्षं काढते आहे. पाय दुखतो म्हणून कोणी म्हातारा बाकावर येऊन टेकला, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "बाबाजी, आधी चपला काढा." आमचे नवे डॉक्टर हसतात. म्हणतात, "सिस्टर, अजून मी त्यांना नावही विचारलं नाही." मी म्हणते, "विचारा की, तोवर चपला निघतील." ही सवय माझी नाही, उसनी आहे. ज्यांच्याकडून घेतली त्या डॉ. शालिनी लांजेवार आता या जिल्ह्यात नाहीत. त्यांची आठवण आली की मला आधी चेहरा दिसत नाही. दिसतो तो मधोमध पाडलेला भांग आणि खाली वाकलेली मान, कारण मॅडम सदा रोग्याच्या पायाशी बसलेल्या असायच्या.

तुमसर तालुक्यात, आंबागडाच्या डोंगराखाली एक गाव आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर गाव माझ्यावर रुसेल. तिथल्या आरोग्यकेंद्रात मी नर्स होते. मॅडम तिथे आल्या त्या नेमणूक मागून घेऊन. ते त्यांचं आजोळ होतं. वडील लहानपणी वारले, आई त्यांना घेऊन माहेरी आली आणि काही वर्षांत तीही गेली. मग मामानं वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "मॅडम, आजोळी नोकरी? रोगी कमी आणि पाहुणेच जास्त येतील." त्या नुसत्या हसल्या. पण खरी अडचण पाहुण्यांची नव्हतीच.

इकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असो की चाळिशीत, पांढऱ्या मिशांचा मामा वाकून तिच्या पावलांना हात लावतो. भाचीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. तिच्याकडून सेवा करून घेणं म्हणजे पाप, आणि तिनं आपल्या पायाला हात लावणं म्हणजे तर महापाप. शिवाय एका घरची भाची ती अख्ख्या गावाची भाची. त्यामुळे मॅडमना तिथे कोणी डॉक्टर म्हणतच नसे. "भाचीबाई आल्या का?" असं विचारत लोक आत यायचे.

आणि या भाचीबाईचा सगळा जीव पायांत. नागपूरला शिकताना त्यांनी बरेच महिने अशा वॉर्डात काढले होते, जिथे पाय कापलेली माणसं ठेवत. त्यांत आपल्याच भागातले कितीतरी असायचे. वात आहे, नस दबली, कंबरेतून आलं, असं म्हणत पट्टे बांधून, मालिश करून वर्षं घालवलेले. पायाला रक्त पोचत नाही म्हणूनही पाय दुखतो, हे कोणाच्या ध्यानीमनीच नसतं. कोणी वेळेवर चपला काढायला लावून पायाच्या नाडीवर दोन बोटं ठेवली असती, तर यातले अर्धेअधिक पाय शाबूत राहिले असते, असं मॅडम म्हणायच्या. त्या वॉर्डाला कंटाळून आणि घाबरून त्या गावी आल्या होत्या. निदान आपल्या मामाच्या गावातून त्या वॉर्डात कोणी जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात बुधाजी नावाचा म्हातारा पोटरी धरून आला. मॅडमनी कोपऱ्यातलं बुटकं लाकडी पिढं ओढलं, खुर्ची सोडून त्यावर बसल्या आणि त्याच्या पावलाकडे हात नेला. म्हातारा असा उडाला की खुर्ची कलंडली.

"अवं माय! भाची अन् माह्या पायाले हात? कायले नरकात धाडतं वं मले?"

मॅडम सावरायच्या आत तोच त्यांच्या पाया पडला. त्या उठवतात, तो पुन्हा वाकतो. बाहेरच्या बाकावरचे सगळे दारात गोळा झाले.

"मामा, पोटरी चालल्यावर दुखते ना? अन् उभं राहिलं का थांबते?" मॅडमनी विचारलं. आमच्याशी त्या पुस्तकी बोलायच्या, पण गावाशी गावासारख्या.

"हो, बराबर."

"मंग मले पायाची नाडी पाहाच लागन."

"हाताची पाह्य ना, बाई. हाताले कोन नाही म्हंते?"

"दुखते पाय अन् मी हात पाहू?"

दारातली मंडळी हसली. मॅडम जरा विचारात पडल्या. मग आपलेच दोन्ही पाय पुढे करून म्हणाल्या, "बरं. आधी तुमीच माह्या पाया पडा. नीट, मनापासून पडा. पडले? झालं, तुमचं पाप आधीच फिटलं. आता माही पारी."

म्हाताऱ्यानं दारातल्या लोकांकडे पाहिलं. कोणीतरी गंभीरपणे म्हणालं, "बराबर हाय जी, फिटलं." मग बुधाजीनं डोळे गच्च मिटून घेतले, ओठांत देवाचं नाव घेतलं आणि पाय पुढे केला.

त्या दिवसापासून आमच्या केंद्रात ती रीतच पडली. रोगी आत आला की आधी भाचीच्या पाया पडे, मग भाची पिढ्यावर बसून त्याच्या पायाशी वाके. खोकल्याचा रोगी असला तरी सुटका नव्हती. "आधी पाय, मग गाऱ्हाणं," असं त्या म्हणायच्या. जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. त्यांना वाटलं, या बाईनं इथे स्वतःची पूजा लावून घेतली आहे. पण एक म्हातारी वाकून उठली आणि डॉक्टरबाई तिच्याहून खाली वाकल्या, तेव्हा साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, माझीही पोटरी जरा दुखते. दाखवू का?" मी म्हटलं, "दाखवा ना, पण आधी पाया पडावं लागेल."

पाय तपासण्याची त्यांची पद्धत मी हजारदा पाहिली असेल, तरी पाहत राहायचे. आधी आपले तळहात एकमेकांवर घासून ऊन करायच्या, थंड हातानं रोग्याला दचकवायचं नाही म्हणून. मग पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून डोळे मिटायच्या. मग आतल्या घोट्याच्या मागे. मग पाय वर उचलून धरायच्या, पांढरा पडतो का पाहायच्या, आणि खाली सोडून लाल किती होतो ते पाहायच्या. एक मुठीत मावणारं यंत्र त्यांनी आणलं होतं. पायावर थोडी जेली लावून टोक टेकवलं, की आतलं रक्त हुश्श हुश्श करत वाहताना ऐकू यायचं. ते त्या रोग्याला ऐकवायच्या. एका म्हातारीनं स्वतःच्या पायाचा आवाज ऐकून पायालाच हात जोडले होते. पण नाडी लागली नाही, आवाज आला नाही, तर तेही तोंडावर सांगायच्या. बायको नवऱ्याच्या मागे उभी राहून डोळ्यांनी विनवायची, सांगू नका म्हणून. तरी सांगायच्या. या एका बाबतीत त्यांच्याकडे गोड बोलणं नव्हतं. मला कधी कधी त्यांचा रागही यायचा.

एरवी आवाज मऊ. त्यांना मी एकदाच ओरडताना ऐकलं. आम्ही एका बाळंतिणीला बघायला तिच्या घरी गेलो होतो. पोरीचा डावा पाय दुखत होता, आणि सासू तेल कोमट करून तो पाय मायेनं चोळत बसली होती. मॅडम उंबऱ्यातूनच ओरडल्या, "हात काढा! काढा पहिले!" सासूच्या हातातली तेलाची वाटी पडली. मॅडमच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. त्यांनी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच सुजलेली होती. आत रक्ताची गाठ झाली होती, आणि चोळून ती सुटली असती तर थेट फुप्फुसात जाऊन बसली असती. पोरीला तशीच गाडीत घालून भंडाऱ्याला पाठवलं. ती वाचली. पुढे तिचं बाळ दुडदुडू लागल्यावर सासू ते घेऊन आली आणि मॅडमच्या पाया पडायला लावू लागली. मग तिलाच प्रश्न पडला, मामा भाचीच्या पाया पडतो, पण मामाच्या नातवंडाला काय रीत लागते? त्यावर केंद्रात अर्धा तास वाद चालला. मॅडम मात्र त्या बाळाशी खेळत राहिल्या.

असं सगळं गाव वळलं. वळला नाही तो त्यांचा सख्खा मामा.

दशरथमामा उंच, सडपातळ, गुडघ्यापर्यंत धोतर आणि कानावर बिडी. त्याचा शेतावर जायचा रस्ता आमच्या खिडकीसमोरून. रस्त्यात एक मोहाचं झाड होतं. मामा तिथे थांबायचा, झाडाला टेकायचा, बिडी पेटवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचा आणि मग पुढे निघायचा. पुढे छोट्या पुलावर पुन्हा तेच. गाव चिडवायचं, "दसरथभाऊले बोलाले दर झाडाखाली मानूस लागते." मामाही हसायचा.

एक दिवस मॅडम हातातलं काम टाकून खिडकीशी उभ्या राहिल्या त्या हलेनात. मामा मोहापर्यंत पोचला नव्हता. त्याच्या अलीकडे, हातपंपाशीच थांबला होता आणि बिडी पेटवत होता.

"सिस्टर, मामा बोलायला थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. "पाय त्यांना थांबवतो. कोणी विचारू नये म्हणून बिडी पेटवतात. आणि ती बिडीच पायाची नळी आणखी बंद करत जाते."

त्या दिवशी काम संपल्यावर मला सोबत घेऊन त्या मामाच्या घरी गेल्या. मामा अंगणात खाटेवर बसला होता. भाची दिसताच उठला, वाकला आणि तिच्या पाया पडला, रोज पडायचा तसाच. मॅडमनी पिढं ओढलं.

"मामा, पाय दाखवा."

"कायचा पाय? मले काय झालं?"

"मोहाखाली काहून थांबता?"

"बिडी प्याले."

"अन् पुलावर?"

"पुलावरबी बिडीच."

"आताच पडले ना माह्या पाया? पाप फिटलं. आता माही पारी," असं म्हणून मॅडम वाकल्या, तर मामानं दोन्ही पाय खाटेवर वर ओढून धोतराखाली घेतले.

"थे गावाचं झालं, शालू. मी गाव नोहो," मामा म्हणाला. "तुही माय जाताना तुले माह्या मांडीवर ठेवून गेली. लग्नात तुह्ये पाय म्या धुतले, थे पानी डोक्याले लावलं. आता तुह्या हातात माहा पाय देऊ? वरतं गेल्यावर बहिनीले काय तोंड दाखवू?"

मामी दारातून म्हणाली, "दाखवा ना जी एकडाव."

"तू गप राह्य."

मॅडम पिढ्यावर तशाच बसून राहिल्या. त्यांच्या बोटांपासून हातभर अंतरावर तो पाय होता. काय झालं आहे ते त्यांना न पाहता कळलं होतं, आणि आता वेळ हातची निघून जाते आहे हेही. एवढ्या शिकलेल्या बाई मी पहिल्यांदाच हताश झालेल्या पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र देऊन मलाच पाठवलं. मला मामानं पाय दाखवला. मी कोणाची भाची नव्हते, वर्ध्याकडची परकी बाई. डाव्या पायावर टोक टेकवलं तर बारीक का होईना, हुश्श हुश्श आलं. उजव्यावर नुसती खरखर. पाऊल गार पडलं होतं.

मामा कान देऊन ऐकत होता. "हा काहून नाही बोलत?"

"त्यात रक्त पोचत नाही, मामाजी. बिडी सोडा आणि नागपूरला चला. तिथे नळी मोकळी करता येते. आत्ता गेलात तर पाय वाचेल."

त्यानं मला डाव्या पायाचा आवाज पुन्हा एकदा ऐकवायला लावला. मग खाली बघत म्हणाला, "भाचीनं पाठवलं ना तुमाले? तिले सांगजा, आवाज आला मनून."

मी असं काही सांगितलं नाही. मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

मग त्यांनी नाना उपाय केले. तुमच्या मुलाबरोबर नागपूरला जा म्हणाल्या. मामाला भीती होती, ही मागून येईल, आपलं शौचाचं भांडं उचलेल, आपलं सगळं करेल. "मी नाही येत, शपथ घेते," म्हणाल्या. मामानं मान्य केलं, पण धान कापून होऊ दे म्हणाला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या त्यांनी माझ्या हाती पाठवल्या. मामानं त्यांना नाही म्हटलं नाही. भाचीनं पाठवलेलं नाकारायचं कसं? पुढे सगळं होऊन गेल्यावर त्या गोळ्या देव्हाऱ्यात सापडल्या, हळदीकुंकू वाहिलेल्या. एकही फोडलेली नव्हती. बिडीही त्यानं भाचीसमोर प्यायची सोडली होती, म्हणजे हातपंपाच्या आडोशाला उभा राहून पिऊ लागला होता. खिडकीतून आता तो दिसेनासा झाला. मॅडमना वाटलं, मामा थांबत नाही, बरं चालतं आहे. मलाही तसंच वाटलं.

धान कापून झालं आणि थंडी पडली. डोंगराखालची थंडी ती, हाडात शिरते. मॅडम तेव्हा ट्रेनिंगला नागपुरात अडकल्या होत्या. मामाचा उजवा पाय गार पडायचा, ठणकायचा, म्हणून मामीनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तळपायाला लावून दिली. दुखऱ्या पायाला शेकायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण त्या पायात रक्त नव्हतं तशी जाणही उरली नव्हती. मामाला झोप लागली. उठला तेव्हा पाय भाजला होता, आणि त्याला फारसं काही कळलंही नव्हतं. त्यानं त्यावर फडकं बांधलं आणि कोणाला सांगू नको म्हणून मामीला भाचीची आण घातली.

मॅडम परत आल्या त्या पिशवी केंद्रात टाकून सरळ मामाकडे गेल्या. मी मागोमाग. अंगणातच त्यांची पावलं थांबली. वास आम्हा दोघींनाही आला. तो सडल्याचा वास आम्ही दोघी पुरत्या ओळखत होतो. मामा तापानं फणफणला होता. मुलानं फडकं सोडलं, तर बोटं काळी पडलेली आणि काळं वर सरकत चाललेलं. मामी भिंतीला टेकून एकच म्हणत होती, "म्याच जारला वं त्याहिचा पाय, म्याच जारला." मॅडम आधी मामाकडे गेल्या नाहीत. मामीजवळ गेल्या, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "तुमी मायेनं शेकलं, मामी. मायेनंच." त्या वेळी मी मान फिरवली, कारण माझ्यानं ते पाहवेना.

ॲम्ब्युलन्समध्ये मामा अर्धवट शुद्धीत होता. कधी बहिणीला हाका मारायचा, कधी बैलांना. पायाशी मॅडम बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, आता त्यांना काही कळत नाहीये. बघा ना तुम्ही स्वतः."

त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. "नाही, सिस्टर. शुद्धीत होते तेव्हा नाही म्हणाले होते. तुम्हीच बघा."

मी पाहिलं. गुडघ्याखाली काहीच लागत नव्हतं. मी मान हलवली आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. चांगले होते ते, पण सहज बोलून गेले की थोडं आधी आणायला हवं होतं. कोणाला बोलतो आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. मॅडमनी "हो सर" म्हटलं. व्हरांड्यात आल्यावर त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "ज्या वॉर्डातून मी गावी गेले, सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्याच वॉर्डात मामाला घेऊन आले." मी त्यांच्याशेजारी टेकले. दोघी रडत बसलो.

परत आल्यावर केंद्र उघडलं. पहिला आला बुधाजी. तो पाया पडला नाही. मुकाट्यानं चपला काढल्या आणि पाय पुढे केला. त्याच्यानंतरची बाईही तशीच. कोणी ठरवलं नव्हतं, पण ती रीत त्या दिवसापासून बंद झाली. आता गावात भाचीला कोणी अडवत नव्हतं. मॅडम पिढ्यावर बसून एकेक पाय तपासत गेल्या. शेवटचा रोगी गेल्यावर म्हणाल्या, "आता कोणी नाही म्हणत नाही. मामाचा पाय घेऊन मानले हे लोक." मला तर ती जुनी नाटकं परत हवी होती. म्हाताऱ्यांचं ते उडणं, ते डोळे मिटणं, सगळं हवं होतं.

मामा पुढे फार जगला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर छातीत कळ येऊन गेला. रक्ताच्या नळ्या काही एका पायातच खराब होत नाहीत, त्या सगळीकडेच होतात. मॅडमनी मग बदली मागून घेतली, दूर, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. मी एकदा फोन केला होता. म्हणाल्या, "इथे बरं आहे. सगळे डॉक्टर म्हणतात, पाय पुढे करतात. इथे मी कोणाची भाची नाही, सिस्टर. काम सोपं आहे."

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते याआधी, मामा असताना. माझी लाखांदूरला बदली झाली होती आणि निघण्यापूर्वी मी दुपारी मामाच्या घरी भेटायला गेले. मॅडमही जेवणाच्या सुट्टीत तिथे आल्या होत्या. मामा खाटेवर बसला होता. उजवीकडे धोतराखाली गुडघ्यापुढचं काही नव्हतं. आजारानं तो निम्मा झाला होता. तोंड कसंनुसं करून बसला होता, पण काही सांगत नव्हता.

"काय होते, मामा?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

मामी म्हणाली, "अंगठा दुखून राहिला म्हंतेत. जो नाही, थ्याचा."

मामा ओशाळला. "पाय तं कापला, मंग दुखते कसा वं? माह्यं पाप हाय का हे?"

"पाप नाही, मामा. डोक्याले अजून खबर नाही का पाय गेला म्हनून. थे त्याची वाट पाहते." असं म्हणून मॅडम उभ्याच राहिल्या. गेल्या काही महिन्यांत त्या मामाच्या खाटेपासून नेहमी दोन हात लांबच उभ्या राहत.

मामा रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शालू, पिढं आन."

मॅडमना कळलं नाही.

"आन ना. हा पाय पाह्य. हा तं नाहीच हाय. याले हात लावला तं तुलेबी पाप नाही अन् मलेबी नाही."

मामीनं पदर तोंडाशी नेला. मॅडमनी भिंतीशी उभं केलेलं पिढं आणलं, खाटेसमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या. तळहात एकमेकांवर घासून ऊन केले. मग मान खाली घालून, डोळे मिटून, जिथे पाऊल असतं त्या जागी जमिनीपासून थोडी वर दोन बोटं धरली.

"जरासं अलीकडे," मामा म्हणाला. "हां. थेच."

मामाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या.

"लागते का नाडी?" त्यानं विचारलं.

"लागते, मामा," मॅडम म्हणाल्या. "मस्त चालून राहिली."

मामानं समाधानानं भिंतीला डोकं टेकवलं. मॅडमनी बोटं काढली नाहीत. माझी बस चुकेल म्हणून मी उठले, पण जाते असं म्हणायचं धाडस झालं नाही. फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि रस्त्याला लागले.